तबला वाजवताना हात दुखतो: रियाज थांबवायचा की चालू ठेवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 23, हिंजवडीत सॉफ्टवेअरची नोकरी, नोव्हेंबरच्या अखेरीस गांधर्व महाविद्यालय मंडळाची तबल्याची, पदवीच्या पातळीची विशारद पूर्णची परीक्षा. जुलैपासून विसर्जनापर्यंत पथकात ढोल वाजवला. विसर्जन होताच परीक्षेच्या धास्तीने रोजचा तासाभराचा रियाज एकदम चार तासांवर नेला. पंधरा दिवसांत उजव्या हाताला कोपराच्या खाली, बाहेरच्या बाजूने दुखायला लागलं आणि सकाळी मनगट आखडू लागलं. डाव्या हाताच्या करंगळीला आणि अनामिकेला मुंग्या येतात, त्या वेगळ्याच. एक्स-रेमध्ये काही नाही. अस्थिरोगतज्ज्ञ म्हणाले, सहा आठवडे तबल्याला हात लावू नका. गुरुजी म्हणाले, रियाजानेच मोकळं होईल. घरचे म्हणतात, परीक्षा पुढच्या वर्षी दे. आता कोणाचं ऐकायचं, आणि पट्टा, तेल, इंजेक्शन यांचा उपयोग होतो का, हे तुम्हाला हवंय.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत वादक बरेच असतात आणि त्यातही तबला, पखवाज आणि पेटी वाजवणारे जास्त. स्वतः काही वर्षं तबला शिकले आहे, त्यामुळे 'धिरधिरने (हा जलद वाजवायचा बोल) हात भरून येतो' म्हणजे नेमकं कुठे आणि कसं, हे मला समजतं. तरीही तुमचा हात मी पाहिलेला नाही. दुखणं किती जुनं आहे, पकड किती कमी झालीय, मुंग्या सतत आहेत की येऊन-जाऊन, मधुमेह किंवा थायरॉइडचा त्रास आहे का, यावर उत्तर बरंच बदलतं. म्हणून खाली जे लिहिते आहे ते घेऊन एकदा तपासून घ्याच. पण तुमच्या वर्णनावरून काही गोष्टी मला बऱ्यापैकी स्पष्ट दिसतात.

पहिली म्हणजे, तुमच्याकडे एक नाही, दोन वेगळ्या तक्रारी आहेत. उजव्या हाताचं दुखणं टेंडनचं, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीचं वाटतं आणि डाव्याच्या मुंग्या नसेच्या. दोन्हींचा उगम एकाच दोन-अडीच महिन्यांत असला तरी त्यांना एकच उपाय लावून चालणार नाही. उजवा हात मोजूनमापून वापरत राहायचा आहे. डाव्याच्या बाबतीत आधी नस कुठे दाबली जातेय ते शोधायचं आहे. लोक बहुतेक वेळा दुखणाऱ्या हाताची काळजी करतात आणि मुंग्यांकडे दुर्लक्ष करतात. मला काळजी उलटी वाटते.

आधी उजवा हात. कोपराच्या बाहेरच्या बाजूला हाडाचा जो उंचवटा लागतो, तिथे मनगट आणि बोटं वर उचलणाऱ्या स्नायूंचे टेंडन एकत्र येऊन चिकटलेले असतात. तबलजीला वाटतं की आपलं काम बोट खाली मारण्याचं. खरं कष्टाचं काम प्रत्येक आघातानंतर ते उचलण्याचं असतं, आणि लय वाढली की ते आणखी कठीण होतं. त्यात 'ना' हा बोल घ्या. अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या वर्तुळाच्या) कडेला टेकलेली आणि तर्जनी चाटेवर (तोंडाच्या कडेच्या पट्टीवर) पडून लगेच सुटायला हवी. आता एक करून बघा. तळहात टेबलावर पालथा ठेवा, मधलं बोट दुमडून तळव्याखाली घ्या आणि अनामिका उचला. जेमतेम हलेल, किंवा हलणारच नाही. हाताच्या मागच्या बाजूला मधलं बोट, अनामिका आणि करंगळी यांचे टेंडन आडव्या पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेले असतात, म्हणून असं होतं. एक बोट टेकवून ठेवायचं आणि शेजारची बोटं पूर्ण मोकळी ठेवायची, ही तबल्यातली अगदी पहिल्या दिवसाची मुद्रा हाताच्या मूळ रचनेला न जुमानता कमवावी लागते. ती कमावता येते, पण तिला वर्षं द्यावी लागतात.

आता तुमच्या दिवसातली बाकीची कामं पाहा. टिपरू (ढोल वाजवायची काठी) घट्ट धरायचं म्हणजे मूठ आवळायची, आणि मूठ आवळताना मनगट स्थिर धरून ठेवण्याचं काम हेच कोपराबाहेरचे स्नायू करतात. माउसवर बोटं उचलून क्लिकच्या तयारीत बसलेला हातसुद्धा हेच स्नायू वापरतो. म्हणजे ऑफिसात दिवसभर माउस, संध्याकाळी पथकाचा सराव, मग रात्रीचा रियाज हे तुमच्यासाठी तीन उद्योग होते, पण त्या टेंडनसाठी एकच लांबलचक पाळी होती. जुलैपासून तो टेंडन थकत आला होता आणि त्याला सावरायला वेळ हवा होता, नेमक्या त्या आठवड्यात तुम्ही रियाज चौपट केलात.

वादकांच्या हाताच्या दुखण्यांत हे चित्र मला सगळ्यात जास्त दिसतं. वाजवण्याचे एकूण तास किती, यापेक्षा ते किती झपाट्याने वाढले यावर बरंच अवलंबून असतं. रोज सहा तास वाजवणारे अनेक जण वर्षानुवर्षं ठणठणीत असतात, कारण त्यांचे सहा तास हळूहळू झालेले असतात. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतो. टेंडनला त्याच बदलासाठी महिने लागतात. तबल्याच्या तोंडावर नवी पुडी (चामडं) चढवणारा कारागीर ती ताणणारी चामड्याची वादी एका दमात ताणत नाही. थोडी ओढतो, चामड्याला बसू देतो, मग पुन्हा ओढतो. टेंडनला ताण हवाच असतो, पण तो असा.

म्हणूनच तुम्हाला सल्ला देणाऱ्या दोघांचंही निम्मं निम्मं बरोबर आहे. डॉक्टर सांगतात ते खरं, भार तातडीने कमी व्हायला हवा. पण सहा आठवडे पूर्ण बंद ठेवलात तर दुखणं थांबेल आणि टेंडनची ताकदही उतरेल. मग परीक्षेला जेमतेम दोन आठवडे उरलेले असताना तुम्ही घाबरून पुन्हा चार तासांवर उडी माराल आणि आज आहात तिथेच परत याल. ही फेरी मी अनेकांची पाहिली आहे. गुरुजी म्हणतात त्यातही तथ्य आहे, हात कामाने सुधारतो. पण ते काम दुखण्याच्या आत राहून व्हायला हवं. दुखणं दाबून वाजवलं की बोटं नकळत वेगळी पडायला लागतात, खांदा वर येतो, अंगठा ताठ होतो. मग जखमेबरोबर एक वाईट सवयही पदरात पडते, आणि ती सोडवायला जखमेपेक्षा जास्त वेळ जातो.

किती दुखलेलं चालेल, याला माझ्याकडे एक साधी कसोटी आहे. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे असह्य, असं धरा. वाजवताना दोन-तीनपर्यंत गेलं तरी चालेल. मात्र दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत हात पुन्हा आदल्या दिवशीच्या पातळीवर यायला हवा. सकाळचं आखडणं आदल्या दिवसापेक्षा वाढलं असेल, तर काल जास्त झालं. एवढंच बघायचं. वहीत रोज दोन ओळी लिहा: काल किती मिनिटं, कोणत्या लयीत, आज सकाळी कसं. आठवड्याने ती वही तुम्हाला कोणत्याही तपासणीपेक्षा जास्त सांगेल.

तुमच्यासाठी पुढचे आठवडे मी साधारण असे आखेन. पहिले तीन-चार दिवस तबला बंद, माउस डाव्या हातात, दुचाकीवर ट्रॅफिकमध्ये क्लच-ब्रेक आवळत तासभर जाणं शक्य असेल तर टाळा. मग दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं, ठाय (संथ) लयीत फक्त पेशकार किंवा एखादा साधा कायदा, या विस्ताराच्या रचना. तिरकिटाचे लांब रेले (जलद बोलांच्या रचना) आणि धिरधिर अजिबात नको. हे तीन दिवस निभावलं तर प्रत्येक बैठकीला पाच मिनिटं वाढवा. वीस-पंचवीस मिनिटांच्या पुढे सलग वाजवू नका, मध्ये पाच मिनिटं उठा आणि मग पुन्हा बसा. आधी मिनिटं वाढवायची, ती स्थिरावली की लय आणि सगळ्यात शेवटी जोर. या तिन्हींतलं एकाच वेळी एकच वाढवायचं, ही अट मी कोणालाच मोडू देत नाही. कुठे दुखलं तर मागच्या पायरीवर दोन दिवस थांबा. पूर्ण बंद करायची गरज नाही.

याच्या जोडीला टेंडनला रोज थोडं काम द्यायचं. हात टेबलावर, तळवा जमिनीकडे, मनगट टेबलाच्या कडेबाहेर. मनगट सरळ ठेवा आणि दुसऱ्या हाताने वरून दाबा, इतकं की मनगट हलणार नाही. तीस ते चाळीस सेकंद धरा, मिनिटभर सोडा, असं चार-पाच वेळा. हे बऱ्याच जणांना दुखणं कमी करणारंही वाटतं. दोन आठवड्यांनी अर्ध्या लिटरची पाण्याची भरलेली बाटली हातात घ्या, दुसऱ्या हाताने मनगट वर करून घ्या आणि मग बाटली हळूहळू, तीन-चार सेकंद घेऊन खाली न्या. बारा ते पंधरा वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. खांद्यामागच्या स्नायूंसाठी दाराला रबरी पट्टा बांधून मागे ओढायचा व्यायाम करा. तबलजीचा हात खांद्यापासून सुरू होतो, पण व्यायाम करताना खांदा कोणाला आठवत नाही.

आता तुमची खरी भीती: एवढ्याशा वाजवण्यात परीक्षेची तयारी कशी होणार? इथे आपल्या परंपरेतच उत्तर आहे आणि ते नोकरी करणारे विद्यार्थी फार कमी वापरतात. पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं. विशारदला हातावर ताल देऊन बोल म्हणून दाखवावे लागतातच. कायद्याचे पलटे, रेल्याचा विस्तार, चक्रदाराची मोजणी, तिहाईची जागा, ही सगळी डोक्याची कामं आहेत. त्यांना दाया-डग्ग्याची (उजव्या आणि डाव्या हाताच्या वाद्यांची) गरज नाही. लहरा (ताल धरून फिरणारी सुरावट) लावा, डोळे मिटा, बोल मोठ्याने म्हणा आणि हाताने ताल द्या. मग तेच मनातल्या मनात, बोट कुठे पडतंय ते डोळ्यांपुढे आणून. मनात वाजवताना मेंदूतले हालचालीचे बरेच भाग प्रत्यक्ष वाजवतानासारखेच काम करतात. रोजचे दीड-दोन तास असे गेले तर हाताला विश्रांती मिळते आणि तयारी मागे पडत नाही. उलट, पाठांतर कच्चं असताना हातानेच शोधत बसणारा विद्यार्थी एकच तुकडा चाळीस वेळा चुकीचा वाजवतो, आणि ते चाळीस आघात टेंडनच्या खात्यावर जातातच.

गुरुजींना हे सांगताना 'डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं' असं म्हणू नका. 'दीड महिना मला ठाय लयीत वाजवायचंय आणि पढंत पक्की करायची आहे, मला त्याप्रमाणे द्या' असं म्हणा. बहुतेक गुरूंना ठाय लयीचं काम आवडतंच. माझ्याकडच्या विद्यार्थ्यांना या वाक्याने बरीच मोकळीक मिळाली आहे. गुरुजींना एक विनंती जरूर करा: वाजवताना तुमचा खांदा आणि अंगठा बघायला सांगा. ते जे एका नजरेत पकडतील ते मला तासभर तपासून कळणार नाही.

वाद्य आणि बैठक यांकडेही पाहा. पावसाळ्यात आणि त्यानंतर बरेच दिवस हवेतल्या ओलाव्याने पुडी सैल पडते, आवाज बसतो, आणि वादक नकळत जास्त जोराने मारायला लागतो. जुनी, शाई उडालेली पुडी असेल तर आणखीच. पुडी बदला, सूर नीट लावा, आवाज कमी ताकदीत सुटेल. हात लहान असेल आणि रियाजाला मोठ्या तोंडाचा, खालच्या सुराचा दाया वापरत असाल तर काही आठवडे छोट्या तोंडाचा घ्या. मनगटाला वजन बांधून रियाज करण्याची टूम कोणी सांगितली असेल तर ती आत्ता तर नकोच. बसताना कुल्ल्यांखाली तीन-चार इंचांची घट्ट गादी किंवा दुमडलेली सतरंजी घ्या, म्हणजे गुडघे कमरेच्या खाली जातात आणि पाठ गोल होत नाही. पाठ गोल झाली की खांदे पुढे येतात, आणि मग सगळं काम कोपराखालच्या भागाला करावं लागतं. चुंबळ कलती करून दायाचं तोंड इतकं आपल्याकडे वळवा की मनगट सरळ राहून बोट चाटेवर पडेल. पहाटे रियाज करत असाल तर आधी हात कोमट पाण्यात धरा. ऑक्टोबर संपता संपता पुण्यात पहाटे गारवा येतो, आणि थंड हाताने थेट तिरकिट सुरू करणं म्हणजे दुखण्याला आमंत्रण.

डाव्या हाताच्या मुंग्या. करंगळी आणि अनामिकेचा अर्धा भाग अल्नर नावाच्या नसेकडे असतो. ही नस कोपराच्या आतल्या बाजूने जाते, जिथे आपटलं की झिणझिण्या येतात तीच, आणि पुढे मनगटाशी तळव्याच्या करंगळीकडच्या टाचेतून बोटांत शिरते. दोन्ही ठिकाणी ती उघडी पडते. डग्ग्यावर घसारा घेताना आपण तळव्याच्या टाचेने दाबत सरकतो. तोच भाग तुम्ही दोन-अडीच महिने ढोलाच्या पानावर थाप मारायला वापरलात. शिवाय रात्री कोपर दुमडून मोबाइल धरणं आणि ऑफिसात कोपर टेबलाच्या कडेवर टेकवणं असतंच.

नस कुठे दाबली जातेय याचा अंदाज तुम्हाला घरी घेता येईल. हाताच्या मागच्या बाजूला, करंगळीखालच्या भागावर कापसाने हलकेच फिरवा आणि दुसऱ्या हाताशी ताडून बघा. तिथेही बधिर वाटत असेल तर दाब बहुधा कोपराशी आहे, कारण मागच्या बाजूची शाखा मनगटाच्या आधीच फुटते. पाठीमागे सगळं ठीक आणि फक्त तळव्याकडून बधिरपणा असेल तर मनगटाशी शोधायला हवं. कोपर पूर्ण दुमडून मिनिटभर धरल्यावर मुंग्या वाढत असतील तर तेही कोपराकडेच बोट दाखवतं. मग एक कागद अंगठा आणि तर्जनीच्या कडेत धरा आणि कोणाला तरी ओढायला सांगा. डाव्या अंगठ्याचं टोक दुमडून पकड घेत असेल, किंवा अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग उजव्यापेक्षा चपटा वाटत असेल, तर स्नायूंना जाणारा नसेचा पुरवठा कमी पडतोय. मग वाट बघू नका, न्यूरॉलॉजिस्टला किंवा हाताच्या शस्त्रक्रियातज्ज्ञाला दाखवा आणि एनसीव्ही (नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी) तपासणी करून घ्या. नसेला उशीर परवडत नाही.

असं काही नसेल आणि मुंग्या येऊन-जाऊन असतील, तर दाब काढला की बहुतेक वेळा काही आठवड्यांत उतरतात. घसारा दोन-तीन आठवडे पूर्ण बंद, डग्ग्यावर फक्त बोटांनी 'घे'. मोबाइल इअरफोनवर. झोपताना कोपराभोवती टॉवेल सैलसर गुंडाळा, म्हणजे तो पूर्ण दुमडणार नाही. जिथे मुंग्या येतात तिथे दाबून मालीश करू नका. आणि बी-12, साखर, थायरॉइड यांची रक्ततपासणी करून घ्या. आपल्याकडे शाकाहारी लोकांत बी-12 कमी असणं अगदी सर्रास आढळतं, आणि ते कमी असताना नसा लवकर कुरकुरतात. फक्त ते एकट्याचं कारण असेल तर मुंग्या बहुधा आधी पायांत, दोन्ही बाजूंना येतात. तुमच्या एका हाताच्या दोन बोटांचा दोष सगळा बी-12 वर टाकून गोळ्या घेत बसू नका.

तुमचे बाकीचे छोटे प्रश्न. मनगटाचा पट्टा बांधून वाजवू नका. मनगट अडवलं की बोटांवर आणि कोपरावर जास्त येतं. कोपराखाली बांधायचा अरुंद पट्टा काहींना माउसच्या कामात आराम देतो, तेवढ्यापुरता वापरा. तेलाने हलकी मालीश सुखद असते, तिने बिघडत काही नाही, पण जोरात चोळणारा आणि बोटं कडाकड ओढणारा माणूस टाळा. वेदनाशामक गोळी आजारपणात घ्यावी तशी, डॉक्टरांच्या सांगण्याने काही दिवस ठीक. रियाजाआधी गोळी घेऊन बसणं मात्र चूक, कारण मग वर सांगितलेली दुखण्याची कसोटी आंधळी होते. स्टिरॉइडचं इंजेक्शन: कोपराच्या या दुखण्यात ते काही आठवडे झकास वाटतं. पण वर्षभराने तपासलं तर इंजेक्शन घेतलेल्यांची स्थिती न घेतलेल्यांपेक्षा वाईट आढळते, हे चांगल्या अभ्यासांतून दिसलेलं आहे. म्हणून परीक्षेच्या तोंडावर मोह झाला तरी कोपरात घेऊ नका असं मी म्हणेन. अंगठ्याच्या मुळाशी दुखतं तो त्रास आणि बोट अडकून कटकन सुटतं तो त्रास, यांत मात्र तेच इंजेक्शन बऱ्याच जणांना टिकाऊ गुण देतं. जागेनुसार उत्तर बदलतं, म्हणून मित्राला गुण आला हे कारण पुरत नाही.

कोणत्या गोष्टी दिसल्या तर हा सगळा बेत बाजूला ठेवून लगेच डॉक्टर गाठायचा? हातातून वस्तू पडू लागल्या, बधिरपणा सतत राहिला, रात्री दुखण्याने झोप मोडू लागली, सूज किंवा गरमपणा आला, मान हलवली की कळ हातात उतरते, किंवा दोन्ही हातांचे छोटे सांधे सकाळी तासभर आखडून राहतात. यातलं शेवटचं संधिवाताचं असू शकतं आणि ते वेळेवर ओळखलं तर उपचार चांगले आहेत.

आणखी एका गोष्टीविषयी, तुम्ही विचारलं नसलं तरी. कधी दुखत काहीच नाही, पण वाजवायला बसलं की एखादं बोट आपोआप दुमडतं किंवा ताठ होतं, आणि जेवताना, लिहिताना तोच हात अगदी नॉर्मल असतो. याला फोकल डिस्टोनिया म्हणतात. हा मेंदूकडून होणाऱ्या नियंत्रणातला बिघाड आहे आणि व्यावसायिक वादकांत साधारण शंभरात एकाला होतो. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची दोन बोटं 1960 च्या दशकात अशीच वळायला लागली. त्यांनी आधी सराव वाढवून त्यावर मात करायचा प्रयत्न केला आणि ते बिघडतच गेलं. पुढे ते तीसेक वर्षं मुख्यतः डाव्या हाताच्या रचना वाजवत राहिले आणि 1990 च्या दशकात उपचारांनंतर त्यांचा उजवा हात पुन्हा मंचावर आला. तुमच्या वर्णनात याची लक्षणं नाहीत. पण तुमच्या ओळखीत कोणाला 'दुखत नाही, पण बोट ऐकत नाही' असं होत असेल तर त्याला जास्त रियाज करायला सांगू नका, न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवा.

परीक्षा द्यायची की नाही, हे आज ठरवू नका. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी वही उघडा. दोन्ही बैठका मिळून दिवसाला तासभर, मध्य लयीत, दुखणं तीनच्या आत, आणि डाव्या मुंग्या कमी झालेल्या, असं असेल तर परीक्षा द्या. तास-सव्वा तासाचं वाजवणं आणि पक्की पढंत यावर विशारदची तयारी होते, द्रुत रेले मात्र निवडक ठेवा. तोवर अर्ध्या तासावरच अडकला असाल तर घरच्यांचं ऐका. मंडळाची पुढची परीक्षा एप्रिल-मेमध्ये असते, म्हणजे अख्खं वर्षसुद्धा जात नाही.

पुढच्या गणपतीत पथकात जायचं असेल तर जरूर जा, पण तयारी मे महिन्यात सुरू करा: पकडीचे आणि खांद्याचे व्यायाम, मग जूनमध्ये आठवड्यातून दोनदा थोडा वेळ टिपरू. टिपरूला जाड पकड करून घ्या, बारीक दांडी धरायला मूठ जास्त आवळावी लागते. ढोल कमरेला बांधताना दोर एका खांद्यावर लोंबत ठेवू नका. थाप तळव्याच्या टाचेऐवजी बोटांच्या बाजूने मारायची सवय लावा. आणि कानात इअरप्लग घाला, सरावालासुद्धा. 85 डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरली, तर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होत 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं उरतात. पथकाच्या मध्ये उभं राहिल्यावर आवाज त्याच्याही वर जातो. मिरवणुकीनंतर कानात शिट्टी वाजत राहत असेल आणि दुसऱ्या दिवशीही ती थांबली नसेल, तर कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन श्रवणचाचणी करून घ्या. सूर लावायला तोच कान लागणार आहे.